थायमस उरला नव्हता

प्रिय भिंग,

‘वहिनी’ लिहिलं नाही, ते मुद्दाम. वहिनीला लिहायचं म्हटलं की नणंदेला शब्द तोलून वापरावे लागतात, आणि आज मला तराजू हातात धरायचा नाही. भिंग हे तुझं लग्नाआधीचं, प्रयोगशाळेतलं नाव. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचीस म्हणून तू भिंग, आणि उंदरांची ऑपरेशनं माझ्याकडे म्हणून मी सुरी. प्राणीघराच्या रजिस्टरातसुद्धा आपण तशाच सह्या करायचो आणि तिथला कारकून डोक्याला हात लावायचा. त्या दोघींमधली एक मला आवडायची. ती तू होतीस.

हे पत्र दादाही वाचणार आहे. त्याला उंदरांतलं ओ की ठो कळत नाही. सतरा वर्षं त्याने तुझ्याकडून एवढंच ऐकलंय की त्याची बहीण हाताने ढिली आणि जिभेने तिखट. म्हणून त्याला कळेल असं लिहिते. तुला कंटाळा आला तर येऊ दे. तू माझ्यामुळे एखादा तास कंटाळलीस तर तो हिशेब मला परवडेल.

तर दादा, ऐक. आपल्या रक्तात टी पेशी असतात. प्रत्येकीच्या अंगावर एका ठरावीक घडणीचा ग्राही असतो, आणि ज्या गोष्टीत तो नेमका बसतो तिच्यावर ती पेशी तुटून पडते. एरवी ती गोष्ट म्हणजे एखादा जंतू. पण ग्राहीची घडण पेशी तयार होताना कशीही ठरते, पत्ते पिसावेत तशी. त्यामुळे काहींचा ग्राही आपल्याच शरीरात बसणारा निघतो. या पेशी तयार होतात छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत, आणि अशा घरबुडव्या पेशी बहुतेक तिथेच मारल्या जातात. तरी काही निसटतातच. निसटलेल्यांचं पुढे काय होतं, यावर आमच्या सरांचं आयुष्य गेलं होतं. सर म्हणजे आम्हा दोघींचे गाइड. त्यांचं उत्तर होतं: त्या मरतात, नाहीतर गप्प होतात. तिसरं काही नाही. हे उत्तर त्यांनी इतकी वर्षं इतक्या ठिकाणी सांगितलं होतं की ते चुकलं असतं तर त्यांच्या खोलीतलं मानचिन्हांचं कपाट रिकामं करावं लागलं असतं.

माझ्याकडे जे उंदीर होते त्यांच्या जवळजवळ सगळ्या टी पेशींवर एकच ग्राही होता, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या शरीरातलं काहीतरी पकडणारा. उंदीर तरुण असताना तो सगळीकडे दिसायचा. वय वाढलं की तो कमी कमी होत जायचा आणि भलतेच ग्राही असलेल्या पेशी वाढायच्या. सर म्हणाले, सोपं आहे, जुन्या मेल्या, थायमसमधून नव्या आल्या. मी म्हटलं, मग थायमसच काढून टाकू या, म्हणजे नव्या यायला वाटच राहणार नाही. सर हसले. ते हसून परवानगी द्यायचे तेव्हा समजायचं की तुम्ही पडणार याची त्यांना खात्री आहे.

ते ऑपरेशन कसं असतं हे तू त्याला कधी सांगितलं नसशील. उंदीर अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. भूल देऊन त्याला पाठीवर निजवायचा, पाय चिकटपट्टीने बांधायचे, छातीच्या वरच्या टोकाला नखाएवढा छेद घ्यायचा. आत थायमसची दोन पांढरट पानं असतात आणि त्यांच्या खाली काळीज धडधडत असतं. काचेची बारीक नळी आत घालून ती दोन्ही पानं ओढून घ्यायची. नळी केसभर सरकली की उंदीर गेला. माझे पहिले नऊ गेले. दहाव्याच्या वेळी माझा हात थरथरत होता म्हणून तू मागे उभी राहून माझं कोपर धरलं होतंस, आठवतं? तो जगला. त्यानंतरचे बावीसही जगले. तेवीस उंदीर, आणि मी त्यांच्यासोबत सात महिने थांबले. लोक नातवंडाची वाट बघतात तशी त्यांच्या म्हातारपणाची वाट बघत.

आणि भलत्या ग्राहींच्या पेशी तरीही वाढल्या. थायमस नव्हता, नव्या पेशी यायला जागा नव्हती, म्हणजे होत्या त्याच पेशींनी ग्राही बदलला होता. मधल्या अवस्थेतल्या पेशीही मला सापडल्या: जुना ग्राही अंगावरून काढून घेतलेला, नवा अजून यायचा असलेला. ग्राहीची जीन कापून पुन्हा जोडणारं यंत्र पेशी लहान असतानाच चालतं आणि मग कायमचं बंद होतं असं आम्ही शिकलो होतो. या थोराड पेशींत ते पुन्हा सुरू झालं होतं. दादा, साध्या शब्दांत सांगते. घरच्यांवर उठलेली पेशी मरतही नव्हती आणि गप्पही बसत नव्हती. ती स्वतःला नव्याने घडवत होती. मी ते आकडे बघितले तेव्हा तुझ्या बायकोने मला उचलून धरलं होतं, खरोखर जमिनीवरून, आणि आम्ही दोघी त्या वासाच्या खोलीत मूर्खासारख्या हसत होतो.

आता तुझ्याशी बोलते, भिंग. शंका एकच उरत होती. ऑपरेशनमध्ये थायमसचा एखादा तुकडा आत राहिला असेल, तर त्यातूनच नव्या पेशी आल्या असं कुणीही म्हणू शकलं असतं. म्हणून प्रत्येक उंदराच्या छातीचे काप करून तू तपासलेस. मी तपासले असते तर कुणी विश्वास ठेवला नसता. तेवीस वेळा तू मान वर केलीस आणि तेवीस वेळा एकच शब्द बोललीस. स्वच्छ. नंतर नंतर तर मी विचारायच्या आधीच बोलायचीस.

निकाल मांडायच्या बैठकीत पाच माणसं होती. सरांनी माझे सगळे तक्ते शांतपणे पाहिले, चष्मा काढला आणि मला काही न विचारता तुझ्याकडे वळले. “छात्या तुम्ही पाहिल्यात. थायमस कुठे उरला होता का?” तू समोरच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघितलंस. मला वाटलं, तहान लागलीय. मग म्हणालीस, “दोन-तीन ठिकाणी मला खात्री नव्हती, सर.” कुठल्या दोन, कुठले तीन, कुणी विचारलं नाही. माझ्याकडे बघून सर अगदी मायेने म्हणाले, “हात बसायला वेळ लागतो.” फाइल मिटली. माझी तीन वर्षं, तेवीस उंदीर आणि ते गेलेले नऊसुद्धा त्या एका वाक्याखाली गाडले गेले. भर दुपारी, साडेतीन वाजता, चहा यायच्या आत.

त्याच संध्याकाळी जिन्यात तू मला गाठलंस. दादा, हे नीट वाच. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिथला दिवा नेहमी लुकलुकायचा, तिथे तुझी बायको माझा दंड धरून म्हणाली, “एकातही नव्हतं गं. सगळ्या स्वच्छ होत्या. पण सर माझ्याकडे असे बघत होते ना, तोंडातून निघूनच गेलं.” मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू. तेव्हा ती रडायला लागली. कायमची जागा एकच होती आणि ती कुणाला द्यायची हे सर ठरवणार होते. तुमच्या लग्नाला वर्ष झालं होतं, तिला तिसरा महिना चालू होता, तुझी नोकरी तेव्हा आज आहे तर उद्या नाही अशी. ती म्हणाली, “दादाला सांगू नकोस. आईंना तर नकोच नको.” आणि मी, जिची जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध आहे, ती मी तिचे डोळे पुसून घरी आले.

चार महिन्यांनी जागा तुला मिळाली. मी बाहेर पडले. बस डेपोजवळच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लागले आणि अजून तिथेच आहे. सकाळी सात वाजल्यापासून लोक बाह्या सरसावून रांगेत बसतात, मी शीर शोधते, सुई घालते, कापूस दाबून धरा म्हणते. सुई लागलीसुद्धा नाही असं म्हातारी माणसं मला सांगतात. ढिल्या हाताच्या बाईला. आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली की या दोघी चांगल्या गळ्यात गळे घालून असायच्या, काय झालं कुणास ठाऊक, उंदरांवरून भांडल्या. लोक हसायचे. तूही हसायचीस. ते मला सगळ्यात जड गेलं, तुझं ते पदर सावरत हसणं.

आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात, तेच दाखवलं. प्रौढ पेशी ग्राही बदलतात. थायमस काढून, छात्या तपासून, सगळं व्यवस्थित. तुमच्या घरी जेवायला बसलो होतो, तू ती बातमी टेबलावर सांगितलीस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, “बघ, तुझं बरोबर निघालं की!” जसं काही मी लॉटरीचं तिकीट घेतलं होतं. दादा म्हणाला, अरे वा. मी घास गिळला. सर तोवर निवृत्त झाले होते, वारा फिरला होता, आणि फिरलेल्या वाऱ्याला पाठ देणारी तू नव्हेसच. वर्षभरात तू त्याच विषयावर काम सुरू केलंस. आज तू विभागप्रमुख आहेस ती त्या बदललेल्या पेशींच्या जिवावर. तेव्हाही मी बोलले नाही. तुझी मुलगी माझ्या मांडीवर झोपायची, आई जिवंत होती, आणि मी स्वतःला समजावलं की झालं गेलं, आता कुणाचं काय बिघडतंय. भिंग, मी तुला सांभाळून घेतलं म्हणून स्वतःला मोठी समजत होते. खरं म्हणजे मला भांडणाचा कंटाळा आला होता. त्याला मोठेपण म्हणत नाहीत.

कुणाचं काय बिघडतंय, ते मला तीन महिन्यांपूर्वी कळलं. एक मुलगी टोकन घेऊन रांगेत बसली होती. तिचा नंबर आला, मी बाही वर करायला सांगितली, तर म्हणाली, “मला रक्त नाही द्यायचं. सुरी तुम्हीच का?” तुझी विद्यार्थिनी. प्राणीघराच्या जुन्या रजिस्टरात थायमसच्या ऑपरेशनांपुढे सलग बत्तीस सह्या बघून ती ‘सुरी’ कोण हे विचारत सुटली होती आणि त्या कारकुनाने, अजून आहे तो, तिला माझा पत्ता दिला. डोळ्यांखाली काळं आलेलं, नखं कुरतडलेली. मी तिला बाकावर बसवलं आणि माझी सुट्टी होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

तिला जे सापडलंय ते तुला ठाऊक आहे, दादाला नाही. पेशी ग्राही बदलतात हे खरं, पण नवा ग्राहीही पत्ते पिसूनच येतो. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी निघतो. थायमस काढलेल्या तिच्या उंदरांत काही वेळा तो पुन्हा स्वतःच्याच शरीरात बसणारा निघाला, आणि या वेळी त्याला अडवायला थायमसही नव्हता. तिच्या एकोणीस उंदरांपैकी चारांचे सांधे सुजले. आणि दादा, तुझी बायको रुग्णांच्या पेशी बाहेर काढून, त्यांना ग्राही बदलायला लावून परत शरीरात सोडायच्या अशा उपचाराची परवानगी मागत होती. सांध्यांच्या आजाराचे पहिले सहा रुग्ण ठरलेसुद्धा होते. त्या अर्जात हे चार उंदीर कुठेच नव्हते. मुलीने विचारलं तर तिला काय सांगितलंस, भिंग? “थायमस नीट निघाला नसेल, त्यातूनच त्या पेशी निसटल्या. हात बसायला वेळ लागतो.” शब्द तरी स्वतःचे वापरायचेस.

तिने मला स्लाइड दाखवल्या. मी लगेच हो म्हटलं नाही, घाबरले. मग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत आमच्या मायक्रोस्कोपवर एकेक छाती पाहिली. एका स्लाइडमध्ये एक गोळा दिसला. वाटलं, संपलं, तूच खरी. पण ती लसिकेची, म्हणजे लिम्फची, साधी गाठ होती, थायमस नव्हता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना त्याबद्दल काहीही न सांगता पुन्हा पाहायला लावलं. त्यांनीही तेच लिहून दिलं. एकोणीसच्या एकोणीस स्वच्छ. उपचाराला परवानगी देणाऱ्या समितीला अहवाल पाठवताना पहिल्याच ओळीत लिहिलं की विभागप्रमुख माझी वहिनी आहे. लपवाछपवीत मला तुझ्याइतकी गती नाही.

सोमवारी समितीपुढे मी फक्त स्लाइडबद्दल बोलणार होते. जिना माझ्या पोटात होता, तो तिथेच राहणार होता. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तू छान बोललीस, नेहमीसारखी. मग अध्यक्षांनी चार उंदरांचं विचारलं आणि तू एक उसासा टाकलास. म्हणालीस, माझी नणंद सतरा वर्षं एकच राग धरून बसलीय, स्वतःचे हात चालले नाहीत त्याचा सूड ती या पोरीच्या आडून घेतेय, घरातली गोष्ट इथे आणावी लागतेय याचं वाईट वाटतं. चोराच्या उलट्या बोंबा मी बऱ्याच ऐकल्यात, पण इतक्या गोड आवाजात नाही. तेव्हा मी उभी राहिले आणि जिना सांगितला. दुसरा आणि तिसरा मजला, लुकलुकणारा दिवा, तुझं वाक्य, जसंच्या तसं. अध्यक्षांनी तुला विचारलं, हे खरं आहे का. ‘खोटं आहे’ म्हणायला तुला एक श्वास पुरला असता. तू म्हणालीस, “मला आठवत नाही.”

अर्ज थांबला. मुलीचं काम दुसऱ्या दोन ठिकाणी पुन्हा करून बघणार आहेत. ते टिकेल की पडेल मला माहीत नाही, तिलाही नाही, आणि ते तसंच असायला हवं. बाहेर आल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला ओरडले.

आता हे पत्र का, ते सांगते. आज दुपारी दादा आला. माझ्या घरात तो कधी खुर्चीच्या कडेवर बसत नाही, आज बसला. खिशातून तू टाइप करून दिलेला कागद काढला. सोमवारी मी जे बोलले ते रागाच्या भरात, जिन्यात असं काही संभाषण झालं नव्हतं, आणि खाली माझ्या सहीसाठी जागा. म्हणाला, “घरातलं भांडण घरात राहू दे. एक सही तर करायचीय.” मी म्हटलं, आत जाऊन वाचते. त्याला वाटतंय मी मजकुरात दुरुस्त्या करतेय. दीड तास तो बाहेरच्या खोलीत बसलाय, दोनदा विचारून झालं, “झालं का गं?” मी सही करणार नाही. या पानांचे फोटो दार उघडायच्या आत मी अध्यक्षांना पाठवणार आहे, माझ्या सतरा वर्षांच्या गप्प बसण्यासकट. त्याबद्दल मला जो बोल लागेल तो मी घेईन. दादाने सोमवारपासून फक्त तुझी बाजू ऐकलीय आणि मला त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही की तू जिन्यात ते बोलली होतीस की नाही. मला वाटतं, विचारायला तो भितो. पत्र मी पाकिटात घालणार नाही. दार उघडून त्याच्या हातात उघडंच ठेवणार आहे, आणि त्याचं वाचून होईपर्यंत त्याच्यासमोर बसणार आहे. तुझ्यापर्यंत हे पोचलं, तर त्यानेच आणून दिलं असं समज.

एके काळी तुझीच,
सुरी